जिंकणाऱ्याने आधी उठू नये म्हणे!

या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, मी चालू डावातून... म्हणजे एक डाव संपून दुसऱ्याची पानं पिसली जात असताना उठलो. पावणेदहा वाजले होते. खिशातून काढलेले दोनशे आणि त्यावर जिंकलेले तीनशे चाळीस रुपये समोर होते. ते उचलले आणि म्हणालो, "चला, येतो मी."

खोलीत एकदम शांतता. पंगतीत लोक जेवत असताना कुणी ताट लाथाडून उठावं तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्याच्या घरी बसलो होतो तो म्हणाला, "असं उठत नाहीत राव." दुसरा म्हणाला, "जिंकून उठतोय हा!" यातला 'जिंकून' हा शब्द त्याने असा उच्चारला की मला वाटलं, मी त्यांचं पाकीट मारून चाललोय. त्यातले तिघे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. तीनशे चाळीस रुपयांसाठी नव्हे बरं का! एवढ्या पैशांत हल्ली चौघांची धड मिसळही होत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की मी टेबलाची रीत मोडली.

तर मंडळी, आज या रीतीबद्दल लिहायचंय. आणि आधीच सांगतो, तिच्या बाजूने नाही.

आमचं 'टेबल' म्हणजे खरं तर सतरंजी. सातपूरच्या कॉलनीत एका मित्राच्या खोलीत नव्वदच्या दशकात शनिवारी रात्री ती पडायची. आम्ही सगळे एमआयडीसीतले, वेगवेगळ्या कारखान्यांतले. दुसरी पाळी अकराला सुटायची, तिथून सायकल नाहीतर लूना मारत माणूस साडेअकरापर्यंत पोचायचा. रविवार सुट्टीचा, त्यामुळे पहाटेपर्यंत कुणाला घाई नसे. आधी मेंढीकोट, मग रमी, आणि एकच्या सुमाराला कुणीतरी म्हणायचं, "चला, आता जरा तीन पत्ती." हे 'जरा' पहाटे दूधवाल्याची सायकल वाजेपर्यंत चालायचं.

कंपनीच्या बसमध्ये मांडीवर पेपर पसरून चालायची ती रमी वेगळी, गणपतीच्या मंडपात जागरणाच्या नावाखाली चालायची ती तीन पत्ती वेगळी. सतरंजीवरच्या खेळाला मात्र एक प्रतिष्ठा होती, आणि ती होती तिच्या नियमांमुळे. ते कुठेही लिहिलेले नव्हते. नवीन माणूस आला की तो चुकायचा, कुणीतरी नुसतं बघायचं आणि त्याला कळायचं.

यातले काही नियम मला आजही मनापासून आवडतात. पिसलेली पानं उजव्या हाताच्या माणसाला काटायला द्यायचीच, तो कितीही 'राहू दे रे' म्हणाला तरी. वाटताना पान उघडं पडलं तर वाटप पहिल्यापासून. दुसऱ्याची पानं पडलेली दिसली तर बघायची नाहीत, दिसलीच तर 'दिसली' म्हणून सांगायचं. पॅक झालेल्याने तोंड बंद ठेवायचं. आपण टाकलेल्या पानांत एक्का होता हे हळहळून सांगायचं नाही, कारण त्याने उरलेल्यांच्या खेळात फरक पडतो. शो झाला की तिन्ही पानं जमिनीवर चित करायची. नुसतं तोंडाने 'कलर आहे' म्हणून पैसे ओढायचे नाहीत. मेंढीकोटात भिडूला डोळा मारायचा नाही. (हा नियम आमच्यात सगळ्यात जास्त वेळा मोडला गेला, पण तेही खाणाखुणांच्या कलेचा भाग म्हणून माफ असायचं.)

हे सगळे नियम पानांचे आहेत. पानं कुणाची बाजू घेत नाहीत, तेव्हा त्यांचे नियमही कुणाची बाजू घेत नाहीत. भांडण माझं पैशांच्या नियमांशी आहे. ते असे होते.

जिंकणाऱ्याने आधी उठायचं नाही. हरणाऱ्याने रडायचं नाही, आणि हरल्यावर लगेच उठणं हे रडण्यातच धरलं जायचं. रोख संपली तर वहीत मांडायचं. पत्त्याची उधारी पगाराच्या दिवशी, इतर सगळ्या देण्यांच्या आधी चुकती करायची. आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे टेबलावरचं टेबलावर. कोण किती हरला हे घरी बोलायचं नाही. आपल्याही नाही आणि त्याच्याही नाही.

वाचताना किती सभ्य वाटतात ना? त्या रात्री यजमानाने हेच सांगितलं. "ते मोबाइलवर खेळणारे... त्यांना काय तत्त्व? आपल्यात तीस वर्षांत एक भांडण नाही झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि मान डोलावता डोलावताच मला त्या वहीची आठवण झाली, आणि मी उठलो.

कारण वही माझ्याकडे होती.

दोनशे पानी, लांबट, लाल पुठ्ठ्याची. माझं अक्षर बरं म्हणून हिशेब माझ्याकडे. कारखान्यात स्टोअरला होतो, तेव्हा आवक-जावक लिहायची सवय होतीच. प्रत्येक शनिवारची तारीख, खाली नावं, समोर अधिक-उणे. आमच्यात एक फिटर होता. नाव लिहीत नाही, फिटरच म्हणू. हाताला इतका अचूक की मायक्रोमीटर लावायच्या आधी माप सांगायचा. पत्त्यांत मात्र त्याला हात यायचा नाही, आणि आला तर त्याच्या चेहऱ्यावर यायचा. तो चिडायचा नाही, कुणावर संशय घ्यायचा नाही, उठायचाही नाही. वहीत त्याच्या नावासमोर उणे, उणे, मधेच एखादं अधिक, परत उणे. पगार झाला की पहिला आमच्याकडे यायचा, मोजून पैसे द्यायचा आणि विचारायचा, "झालं ना चुकतं?" आम्ही म्हणायचो, "माणूस असावा तर असा."

एका रविवारी सकाळी त्याची बायको आमच्या घरी आली. हातात पिशवी, भाजीला निघाल्यासारखी. माझी बायको चहा टाकायला आत गेली तेव्हा वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? ओव्हरटाइमचे पैसे तुमच्याकडे कधी देतात? यांचे तीन महिने झाले, आलेच नाहीत म्हणतात."

ओव्हरटाइमचे पैसे वेळेवर येत होते. त्यातले किती कुठे गेले, हे त्या माणसाच्या खालोखाल मलाच ठाऊक होतं. पैशापैशाने माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि वही त्या बसल्या होत्या त्या खुर्चीमागच्या कपाटात होती.

मी म्हणालो, "अडकले असतील वहिनी. आमच्याकडेही असंच चाललंय."

टेबलावरचं टेबलावर. मी नियम पाळला. नियम पाळताना मी एका बाईशी तिच्या तोंडावर खोटं बोललो आणि त्या वेळी मला आपण मित्राला जागलो असंच वाटलं. खोटं वाटतंय? मला त्याबद्दल टेबलावर शाबासकीसुद्धा मिळाली. फिटरने माझा हात दाबला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्यांनी पाथर्डी फाट्याकडे एक लहानसा प्लॉट हप्त्याने घेतला होता. हप्ते थकले, सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर होतं, प्लॉट गेला. त्या भागात आज जागेचा भाव काय आहे ते नाशिककरांना सांगायला नको. मग कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती काढली आणि तो पैसे घेऊन गावाकडे गेला. जायच्या आदल्या दिवशी आला होता. वहीत त्याच्या नावावर अकराशे चाळीस रुपये होते. ते मोजून दिले. आणि मी घेतले. नंतर एकदा वहीची बेरीज करून बघितली. तीन वर्षांत एकूण एकतीस हजारांच्या वर. तेव्हा आमचा पगार चार-साडेचार हजार होता, म्हणजे सात महिन्यांचा पगार. तो आम्हा पाच जणांत वाटला गेला आणि आमच्यापैकी एकाचंही त्यावर काही उभं राहिलं नाही. चिवडा, बिअर, लूनाचं पेट्रोल. त्याचा प्लॉट गेला आणि आमचं तर काहीच आलं नाही. जुगाराचा हा हिशेब मला कधी समजलेला नाही.

पण भांडण? नाही, भांडण एकदाही झालं नाही.

आता या नियमांकडे जरा स्टोअरकीपरच्या नजरेने बघा. जिंकणाऱ्याने उठू नये, कारण हरलेल्याला भरून काढायची संधी मिळावी. ऐकायला उदार. पण तीन पत्तीत ५२ पानांतून तिनाचे २२,१०० वेगवेगळे हात होतात, त्यांतले १६,४४० नुसते सुटे असतात. म्हणजे चारातल्या तीन वेळा हातात साधी जोडीसुद्धा नसते. खेळ मुख्यतः नशिबाचा आणि थोडासा चेहऱ्याचा. असा खेळ जितका लांबवाल तितका तो ज्याची थैली मोठी त्याच्या बाजूने जातो, कारण वाईट फेरा दोघांवरही येतो, पण लहान थैलीवाला त्या फेऱ्यात संपतो आणि मोठ्या थैलीवाला पुढच्या फेऱ्यापर्यंत टिकतो. शिवाय भरून काढायला बसलेला माणूस आधीसारखा खेळत नाही. पानं न बघता ब्लाइंड खेळत जातो, कारण बघितलेल्याला दुप्पट चाल द्यावी लागते आणि आंधळ्याला स्वस्त पडतं. 'संधी' म्हणतात ती ही. फिटर बाराला उठला असता तर शेदीडशेला गेला असता. आम्ही त्याला पहाटेपर्यंत संधी दिली.

आणि जिंकणारा उठू शकत नाही, हरणाऱ्याने उठलं तर तो रडका. मग उठायचं कुणी? बरोबरीत असलेल्याने? पहाटे चारला बरोबरीत कुणीही नसतो.

मला वाटतं, हा नियम आम्ही पंगतीतून उचलला. सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगतीतून उठू नये, हे आपल्या हाडात आहे. पंगतीत ते शोभतं, कारण मी अर्धा तास जास्त बसलो तर शेजाऱ्याच्या पानातली पोळी माझ्या पानात येत नाही. पत्त्यांत नेमकी तीच येते.

परवा भाच्याशी बोलत होतो. तो पुण्यात असतो, मित्रांमध्ये पोकर खेळतो. मी आपला चौकशी करत होतो की तुमच्यातही असल्या रीती आहेत का. आहेत म्हणाला, भरपूर. जिंकणारा हात असूनसुद्धा पानं उगाच रेंगाळत उघडणं, समोरच्याला आधी जिंकल्यासारखं वाटू देणं, याला 'स्लो रोल' म्हणतात आणि ते फार हलकं समजतात. आपली पाळी नसताना बोलायचं नाही. एकाला पान दाखवलं तर सगळ्यांना दाखवायचं. जिंकून लगेच उठणाऱ्याला तिथेही नाकं मुरडतात, 'हिट अँड रन' म्हणतात. पण नाकंच मुरडतात. उठता येतं. फक्त अर्धे पैसे खिशात टाकून उरलेल्यांवर खेळत बसता येत नाही. जायचं तर सगळे घेऊन जा, बसायचं तर सगळे समोर ठेव.

आणि मग त्याने एक गोष्ट सांगितली ती ऐकून मी फोन कानाला लावून गप्पच बसलो. त्यांच्यात 'टेबल स्टेक्स' म्हणून नियम आहे. डाव सुरू झाला तेव्हा तुमच्यासमोर जे आहे तेवढंच त्या डावात लागतं. मधे खिशातून काढायचं नाही, घड्याळ काढायचं नाही, 'लिहून ठेव' म्हणायचं नाही. समोरचं संपलं तर तेवढ्यापुरते तुम्ही डावात आहात, वरच्या पैशांसाठी उरलेले आपसांत खेळतील. कुणी श्रीमंत आहे म्हणून तो तुम्हाला नुसत्या रकमेने डावाबाहेर ढकलू शकत नाही.

बघा, ज्या खेळाला आपण सिनेमातल्या खलनायकांचा खेळ समजतो, त्याने हरणाऱ्याला एक भिंत बांधून दिली आहे. आणि आमच्या 'तत्त्वाच्या' सतरंजीवर वही होती. पोकरने कुणी बरबाद होत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. डाव संपल्यावर नवे पैसे आणून बसता येतंच, आणि मांडवीतल्या बोटींवरून रिकाम्या हाताने उतरणाऱ्यांना विचारा. पण निदान एका डावाच्या आत तरी माणूस आपल्या समोरच्या रकमेपेक्षा जास्त हरत नाही. आमचा फिटर एकेका डावात पुढच्या महिन्याचा पगार हरलेला आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय, आपल्याकडे युधिष्ठिरापासून हे चालत आलंय. अगदी बरोबर! युधिष्ठिराचं उदाहरण मी स्वतःच देणार होतो. द्यूताचं आव्हान आलं की क्षत्रियाने नाही म्हणू नये, ही तेव्हाची न लिहिलेली रीत. शकुनीच्या फाशांवर आपण पिढ्यानपिढ्या बोट ठेवतो, पण या रीतीवर कुणी ठेवत नाही. एकदा सगळं जाऊन धृतराष्ट्राने परत दिलं, पांडव वाटेला लागले, आणि पुन्हा बोलावणं आल्यावर हा धर्मराज पुन्हा येऊन बसला. फसवलं गेल्यामुळे नव्हे, समोर कोण आहे हे तर आता ठाऊक होतं. बोलावल्यावर जायचं असतं म्हणून गेला. आणि ती सभा! तिच्याइतकी शिस्तीची सभा दुसरी नसेल. भीष्म, द्रोण, कृप, सगळे जाणते आपापल्या आसनावर. द्रौपदीने सरळ प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांना धर्माची गती सूक्ष्म आहे एवढंच सुचलं. बोलला तो विकर्ण, धृतराष्ट्राचाच एक धाकटा मुलगा, आणि त्याला कर्णाने पोरकट ठरवून गप्प केलं. टेबलावरचं टेबलावर!

मी काही भीष्म नाही. पण 'अडकले असतील वहिनी' हे माझं सूक्ष्म उत्तर मला अजून ऐकू येतं.

कायद्याचा आधार घेणारेही भेटतात. "घरात खेळतो, कुणी नाल काढत नाही, मग जुगार कसला?" नाल म्हणजे अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो तो. यात तथ्य आहे. १८८७ सालचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे नाव बदलून अजून लागू आहे आणि पत्त्यांच्या बाबतीत 'जुगाराचा अड्डा' ठरायला जागेवाल्याचा फायदा हा त्यातला मुख्य मुद्दा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे म्हटलं, पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं काय टाकायचं ठरवावं लागतं म्हणून. आणि तीन पत्तीसारखा तो नुसता नशिबाचा नाही असंही म्हटलं. तेव्हापासून रमीवाले तीन पत्तीवाल्यांकडे ब्राह्मणाने बघावं तसं बघतात. :)

पण कौशल्य की नशीब, नाल की बिननाल, हे प्रश्न फौजदाराचे. माझा प्रश्न साधा आहे. शेजारचा माणूस बुडताना दिसतोय, तर बोलायचं की नाही? कायदा यावर काही म्हणत नाही. आमची रीत मात्र म्हणते, आणि 'बोलू नये' असं म्हणते.

आता त्या मोबाइलच्या खेळांबद्दल. त्यांची बाजू मी घेत नाहीये, गैरसमज नको. आपल्या नाशिक जिल्ह्याला तर या बाबतीत सगळ्या महाराष्ट्राने ऐकवून घेतलंय. जुलै २०२५ मध्ये, तेव्हाचे कृषिमंत्री आणि शेजारच्या सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळतायत, असा आरोप करत एक व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेलं बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरीला त्यांच्याकडचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं, तेव्हा लोकांनी काय काय विनोद केले ते तुम्ही वाचले असतीलच. मला आपलं ऋग्वेदातलं अक्षसूक्त आठवलं. त्यात बायको दुरावलेला, कर्जात बुडालेला जुगारी बोलतो आणि शेवटी त्याला सांगितलं जातं की फासे टाक, शेती कर. तीन हजार वर्षांनी रमीचा आरोप आला तो नेमका शेतीच्या मंत्र्यावर, आणि त्याला शेतीकडून खेळाकडे पाठवलं. असो.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य आणि नशीब हा भेदही ठेवला नाही. आमच्या यजमानाला यात आपला विजय दिसतो. ॲप गेली, सतरंजी राहिली. त्याचं म्हणणं, ॲपमध्ये समोर माणूस नसतो, लाज नसते, कुणी थांबवणारं नसतं.

समोर माणूस नसतो, मान्य. पण आमच्या सतरंजीवर पाच माणसं होती. पाचांपैकी कुणी थांबवलं? ॲपला निदान तुमची बायको ठाऊक नसते. आम्ही त्याच्या घरी हळदीकुंकवाला आपापल्या बायका पाठवत होतो. ॲपला लाज नाही म्हणता, तर आमची लाज कुठल्या बाजूला काम करत होती ते बघा. फिटरला उठायची लाज वाटत होती. आम्हाला जिंकायची नाही वाटली. आणि ॲपने त्याला जे काही केलं असतं, त्यानंतर तो ॲपला 'झालं ना चुकतं?' असं विचारायला गेला नसता.

"मोठी माणसं होती, कुणी जबरदस्ती केली नाही." हे त्या रात्रीचं शेवटचं वाक्य, मी चपला घालत असताना मागून आलेलं. जबरदस्ती नव्हतीच. चांगल्या माणसाला बसवून ठेवायला ती लागत नाही, रीत पुरते. जो बेरकी होता तो पोट बिघडल्याचं सांगून दोनला निघून जायचा, आणि त्याला कुणी काही बोलायचं नाही. फिटरला खोटं पोट दुखवून घेता येत नव्हतं, एवढंच.

नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या पासधारकांनी एक 'आदर्श डबा' करून घेतला होता. त्यात आवाज नको, कचरा नको, तसे पत्तेही नकोत असं त्यांनी आपणच ठरवलं. मी इतका कडक नाही. पत्ते बंद करा असं माझं म्हणणं नाही. मेंढीकोट मला आजही आवडतं, आणि पाडव्याला दहा-वीस रुपयांचं पान लावलं म्हणून आभाळ कोसळत नाही. माझं म्हणणं पंचवटीच्या लोकांसारखं एवढंच आहे की नियम उघड बोलून ठरवा. घरून आणलेत तेवढेच पैसे समोर ठेवा. वही नको. जीपे तर अजिबात नको, तो वहीचाच मुलगा. ज्याला ज्या डावानंतर उठावंसं वाटेल त्याने उठावं, जिंकून, हरून, कसंही, आणि कुणी 'असं उठत नाहीत' म्हणू नये. आणि कुणाच्या घरून कुणी विचारलं तर खरं सांगावं.

हे सगळं मी त्याच रात्री घरी येऊन यजमानाला व्हॉट्सॲपवर लिहिलं. इथे लिहिलंय त्यापेक्षा कमी शब्दांत आणि जास्त रागात. फिटरचं नाव घेऊन लिहिलं. चार दिवस दोन निळ्या खुणा नुसत्या दिसत होत्या. पाचव्या दिवशी उत्तर आलं.

"शनिवारी ये. उठायचं तेव्हा ऊठ, कुणी काही बोलणार नाही. पण उधारी बंद म्हणतोस ते जमायचं नाही, खेळात मजा राहत नाही. आणि त्याचा विषय आता काढू नकोस, त्याने कधी तक्रार केली नव्हती."

मी गेलो नाही. वही अजून त्याच कपाटात आहे.